परदेशी घरकामास जाणाऱ्या भगिनी आणि कायदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



 या प्रसंगी आपण आरोग्यावर किंवा मुलांच्या शिक्षणावर ऐकतो. यंदा मी जरा निराळा विषय घेतला आहे. मुंबईतून, कोकणातून, गोव्यातून कितीतरी स्त्रिया कुवेत, दुबई, मस्कत इकडे घरकामाला गेल्या आणि अजूनही जातात. अशा बाईला मालकाने विनाकारण काढून टाकले, तर तिच्या मागे कोण उभे राहते?

प्रथम अडचण समजून घेऊ. येथे एका घरचे काम सुटले, तर बाई संध्याकाळी आपल्या घरी जाते आणि चार दिवसांनी दुसरे काम धरते. आखातात तसे नसते. तेथील कफाला पद्धतीत देशात राहण्याचा परवाना, ज्याला तिकडे गेलेली आपली माणसे अकामा म्हणतात, तो मालकाशी बांधलेला असतो. काम गेले की पगार, डोक्यावरचे छप्पर आणि देशात राहण्याचा हक्क ही तिन्ही एकदमच धोक्यात येतात. छळाला कंटाळून ती घराबाहेर पडली, तर ‘बाई पळून गेली’ अशी तक्रार मालक देऊ शकतो. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला, तिच्यामागेच पोलिस!

पुष्कळ वर्षे या स्त्रियांना कायद्याचा आधारच नव्हता. कुवेतच्या 2010 च्या कामगार कायद्यातून घरकामगार चक्क वगळलेले होते. पुढे जून 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जिनिव्हा येथे घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार संमत केला आणि 2013 मध्ये तो अमलात आला. परदेशी जाणाऱ्या बाईला निघण्यापूर्वी कामाच्या अटी लेखी मिळाव्यात, पासपोर्ट तिच्याजवळच राहावा, आणि नोकरी संपल्यावर मायदेशी परतण्याची सोय कोणत्या अटींवर होईल हे ठरलेले असावे, असे तो सांगतो. आपल्या देशाने त्याच्या बाजूने मत दिले. परंतु तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

कुवेतने मात्र 2015 मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त 12 तास काम, आठवड्याची सुट्टी, वर्षाला 30 दिवसांची पगारी रजा आणि कराराची मुदत पुरी झाल्यावर वर्षामागे एका महिन्याचा पगार, हे हक्क त्याने दिले. पासपोर्ट ठेवून घेण्यास मालकाला मनाई केली. तंटा झाल्यास तो प्रथम घरकामगारांच्या सरकारी खात्यापुढे आणि तेथे मिटला नाही तर कोर्टात जातो. कतार आणि संयुक्त अरब अमिरातींनी 2017 मध्ये असेच कायदे केले. अमिरातींनी 2022 मध्ये आपला कायदा नव्याने केला.

मग कायदा असूनही बाया रित्या हाताने का परततात? वाडीतल्या बायकांचे अर्ज मी बरीच वर्षे लिहून देते, त्यातले दोन अनुभव सांगते. एका भगिनीला चौदा महिन्यांनी काढून रातोरात विमानात बसवले. दोन महिन्यांचा पगार राहिला होता. मी अर्ज लिहायला बसले, तर मालकाचे पुरते नाव तिला सांगता येईना. कराराची नक्कल नाही, परवान्याचा नंबर नाही. एजंटाने तिला पाहुण्यांच्या व्हिसावर नेले होते. अर्ज लिहायचा कोणाला आणि कशाच्या जोरावर? दुसरीनेही तसाच अन्याय सोसला. पण प्रत्येक कागदाचा फोटो तिने मुलीच्या फोनवर पाठवून ठेवला होता. ती तिकडे असतानाच मुलीने भारतीय वकिलातीकडे दाद मागितली, आणि थकलेला पगार हातात घेऊनच आई परतली. दोघींत फरक हुशारीचा नव्हता, कागदाचा होता.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे. दहावी न झालेल्या स्त्रीला आखातात नोकरीस जाण्यासाठी 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी लागते, आणि तिचे वय किमान 30 असावे लागते. 2016 पासून अशा स्त्रियांची भरती सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच व्हावी असा नियम आहे. ‘आधी पाहुणी म्हणून चल, मग बघू’ असे म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. करार समजावून घेतल्याशिवाय अंगठा अगर सही करू नका. काम सुटलेच, तर ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा कागदावर पैसे हातात आल्याशिवाय सही करू नका. देश सोडण्यापूर्वीच वकिलात गाठा. तेथे 2009 पासून भारतीयांच्या कल्याणाचा निधी आहे. अडल्यानडल्यास त्यातून निवारा, परतीचे तिकीट आणि वकिलाची मदत मिळू शकते. एकदा परत आले की तेथे आपल्या वतीने लढणारे माणूस शोधावे लागते.

आपल्या मंडळात घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत, तशा त्यांना कामावर ठेवणाऱ्याही आहेत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे शब्द आपल्याही घरांत सहज उच्चारले जातात. कुवेतच्या मालकिणीकडून जो न्याय आपण मागतो, तो आपल्या उंबऱ्याच्या आतही दिला पाहिजे.

शेवटी एक सूचना. परदेशी निघालेल्या प्रत्येक भगिनीच्या पासपोर्टची, व्हिसाची, कराराची नक्कल आणि मालकाचा व एजंटाचा पत्ता मंडळाच्या कपाटात जपून ठेवावा. खर्च थोड्या झेरॉक्सचा आहे. चिटणीसबाईंनी ही सूचना पुढच्या सभेपुढे ठेवावी, अशी विनंती करते.