पडदा आणि पाहणारा



करमणुकीविषयी व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे तिची निंदाच ऐकावयास मिळणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आणि तो अगदीच अनाठायी नाही. आज मात्र आम्ही आपल्याच जिल्ह्यातील एका प्रेक्षकाची हकीकत सांगणार आहो.

त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईस प्रभू येशूच्या चरित्रावरील एक परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेविले आहे. तेवढ्याने तृप्त न होता ते पत्नी सरस्वतीबाईंस घेऊन पुन्हा गेले. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 साली त्यांनी विलायत गाठली, यंत्रसामग्री मिळविली, आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणिला. तारामतीची भूमिका करावयास एकही स्त्री धजेना. म्हणून साळुंके नामक पुरुषास लुगडे नेसविले! परंतु लागलीच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई गोखले व त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई पडद्यावर आल्या. समाजाची एवढी जुनी अढी इतक्या अल्प काळात सैल झाली, ती प्रवचनाने नव्हे.

आता आपल्या मनमाड जंक्शनच्या फलाटावर पाहावे. गाडीची वाट पाहणारे शेकडो जीव मोबाइलवर माना वाकवून बसलेले. शेजारी बसलेल्या मातेस आपले लेकरू काय पाहते ह्याची वार्ता नाही. (येथे येण्यापूर्वी आम्हीही तेच करीत होतो, हे कबूल केलेले बरे.) घरी रोजरीची प्रार्थना आटोपते न आटोपते तोच प्रत्येकजण आपापल्या पडद्याकडे वळतो. वाईटच पाहतात, असे आमचे म्हणणे नाही. पण जे पाहिले त्याविषयी कोणी कोणाशी बोलत नाही, हे आम्हांस अधिक जाचते. फाळक्यांनी पाहिलेले चित्र घरात चर्चेस आले, म्हणूनच सरस्वतीबाई पुढे फिल्मला भोके पाडण्याचे काम शिकल्या.

पोप अकरावे पायस यांनी 1936 साली चित्रपटांविषयी परिपत्र काढिले, त्यातही त्यांची अपेक्षा नुसत्या निरुपद्रवी करमणुकीची नव्हती. चित्राने मनुष्यास चांगल्याकडे न्यावे, अशी होती.

तेव्हा आमची सूचना एवढीच, की महिन्यातून एका रविवारी चर्चच्या सभागृहात सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहावा आणि नंतर अर्धा तास बोलत बसावे. चित्रपट कोणता, हे पहिल्या वेळी मुलांनीच ठरवावे. पडदा बांधावयास दोन उंच माणसे लागतील. त्यांनी सभा संपताच आम्हांस भेटावे.