मैदानावरच्या रेघा

आज आम्ही तुम्हाला जरा लांबची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलची. तुम्ही म्हणाल, आपला तिच्याशी काय संबंध? शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत सुरू झाला. उंचावर टोपली टांगायची आणि तिच्यात चेंडू टाकायचा. सुरुवातीला खरोखरच फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजच्या मुलींना हा खेळ शिकवला. तेव्हा लोक म्हणत, इतकी पळापळ बाईच्या जातीला सोसायची नाही. म्हणून या बाईंनी रेघा मारून मैदानाचे तीन भाग केले. जिला जो भाग दिला, तिने तिथेच खेळायचं. रेघ ओलांडायची नाही. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही.

बेरेन्सनबाईंना आम्ही नावं ठेवत नाही. त्या रेघा होत्या म्हणून तर मुलींना मैदानात पाऊल टाकता आलं. पण मुलींना आत घेण्यासाठी मारलेली रेघ पुढे कुंपण होऊन बसली.

अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. मक्याची शेती, लहान लहान गावं. तिथे शाळेच्या मुलींचा बास्केटबॉल गावागावात लोकप्रिय. पण खेळ सहा-सहा जणींचा, आणि मैदानाच्या मधोमध रेघ. तिघी एका बाजूला गुण करणार, तिघी दुसऱ्या बाजूला अडवणार. अडवणाऱ्या मुलीला टोपलीत चेंडू टाकायची पाळीच यायची नाही. कॉलेजच्या मुली १९७१ पासून पूर्ण मैदानावर खेळू लागल्या. १९७२ साली कायदा आला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही. तरी आयोवातल्या शाळांमध्ये ही मधली रेघ पार पुसायला १९९३ साल उजाडलं.

आता त्यांच्या स्पर्धेकडे येऊ. आपल्याकडे शाळांचे सामने आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग राज्याला होतात. तिकडे कॉलेजांचे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. हंगामभर गटातली कॉलेजं एकमेकांशी खेळतात. मार्च महिना आला, की गटाची स्पर्धा होते. एक सामना हरला, की घरची वाट. जो शेवटपर्यंत जिंकेल, त्याला देशाच्या स्पर्धेत हक्काची जागा. लहान कॉलेजाला बहुधा हीच एक वाट असते. आणि हंगामात मागे पडलेला संघ इथे सलग जिंकला, तर तोही पुढे जातो.

२०२४ च्या मार्चमध्ये बिग टेन नावाच्या गटाची स्पर्धा मिनियापोलिस शहरात झाली. चौदा संघ, पाच दिवस. मुलींच्या या स्पर्धेची सगळी तिकिटं आधीच संपली, असं पहिल्यांदाच घडलं. पहिल्या क्रमांकाचा ओहायो स्टेटचा संघ आपला पहिलाच सामना हरला आणि घरी गेला. अंतिम सामना आयोवा आणि नेब्रास्का यांच्यात. आयोवाची केटलिन क्लार्क तेव्हा देशभर गाजत होती. लांबून चेंडू टाकण्यात तिचा हातखंडा. पण त्या दिवशी अर्ध्या खेळापर्यंत तिने लांबून नऊ वेळा चेंडू टाकला आणि नऊही वेळा चुकला. आयोवा अकरा गुणांनी मागे.

दहाव्यांदा ती बिचकली असती तर? ती टाकत राहिली. बाकीच्या जणी तिच्याकडे चेंडू देत राहिल्या. सामना बरोबरीत आला, जादा वेळ द्यावा लागला आणि आयोवाने ९४-८९ असा जिंकला. क्लार्कचे गुण झाले ३४. तिच्या संघाच्या प्रशिक्षकांत जॅन जेन्सन होत्या. त्या स्वतः आयोवातल्या छोट्या गावात, मधल्या रेघेच्या काळात खेळलेल्या. ज्या राज्यात मुलींना अर्ध्या मैदानात थांबवलं, तिथलीच मुलगी आज मैदानाच्या मध्याजवळून टोपलीत चेंडू टाकते आणि ते बघायला सभागृह भरतं.

मैत्रिणींनो, रेघ मारणारा दरवेळी वाईट असतो असं नाही. पुष्कळदा रेघ काळजीपोटीच मारलेली असते. आम्ही स्वतःच आमच्या लेकींना सांगितलंय, "आता मोठी झालीस, मैदानावर जाऊ नको." आमच्या आयांनी आम्हाला तेच सांगितलं होतं. ही गोष्ट वाचली तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. रेघेचा खडू आमच्याच हातात होता की!

म्हणून एक विनंती. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं जास्त बसा. आपल्या गावातल्या किती मुली आठवीनंतर खेळायच्या थांबल्या, ते मोजा. का थांबल्या, ते त्यांनाच विचारा. कुणाला बूट नसतील, कुणाला संध्याकाळी परतताना सोबत नसेल, कुणाला आपणच नको म्हटलं असेल. बूट आणि सोबत यांची सोय गटाला करता येईल. आणि आपला नकार तर आपणच मागे घ्यायचा आहे.