'डिस्मल' शब्दाची कुळकथा



मागे एकदा एक शेतकरी गृहस्थ मुलाचं प्रगतिपुस्तक घेऊन माझ्याकडे आले. "सर, मास्तरांनी काय लिहिलंय, तेवढं सांगा," म्हणाले. शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द होता : 'डिस्मल'. अगदी निराशाजनक, असा अर्थ मी सांगितला. ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोराचं काही व्हायचं नाही, असंच ना?"

या शब्दाची कुळकथा पाहण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये 'दिएस माली' म्हणजे वाईट दिवस. फ्रेंचच्या वाटेने तो सुमारे 1300 साली इंग्रजीत आला, तो नाम म्हणून. मध्ययुगीन युरोपच्या पंचांगांत दर महिन्यात दोन, म्हणजे वर्षाचे 24 दिवस अशुभ मानलेले असत. इजिप्तच्या ज्योतिष्यांनी ते काढले, असा समज होता. त्या दिवशी नवं काम आरंभायचं नाही, रोग्याचं रक्त काढायचा उपचार करायचा नाही. आपल्याकडे कित्येक जण अवसेला शुभकार्य टाळतात, तसंच म्हणा ना!

पुढे शब्दातला 'दिवस' लोक विसरले आणि 'डिस्मल डेज' म्हणू लागले. अचल म्हणजेच पर्वत, तरी आपण 'विंध्याचल पर्वत' म्हणतो, त्यातला हा प्रकार. यातूनच डिस्मल हे विशेषण झालं. मग ते मळभ आलेल्या हवेला लागलं, भकास जागेला लागलं, पडलेल्या चेहऱ्याला लागलं. हल्ली ते अपयशाला आणि निकालालाही लावतात. मराठीत मात्र एक शब्द सगळीकडे चालत नाही. गाव भकास, चेहरा उदास, हवा कुंद, असं वेगवेगळं म्हणावं लागतं.

कार्लाइल या लेखकाने 1849 साली अर्थशास्त्राला 'डिस्मल सायन्स' म्हटलं, ते प्रसिद्ध आहे. पण कशावरून म्हटलं? वेस्ट इंडीजमधल्या मुक्त झालेल्या गुलामांवर कामाची सक्ती नको, मजुरी मागणी-पुरवठ्यानं ठरू द्या, असं अर्थशास्त्रज्ञ म्हणत. कार्लाइलला सक्ती हवी होती. म्हणजे शास्त्राला लावलेल्या त्या विशेषणात लावणाऱ्याचंच मन अधिक दिसतं.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. पंचांगातला वाईट दिवस सूर्य मावळला की संपत असे. मुलाच्या नावापुढे लिहिलेला शेरा तसा संपत नाही. तेव्हा शेरा आईबापांना कळेल अशा मराठीत लिहावा आणि त्यात पुढची वाट दाखवावी. 'भागाकार कच्चा आहे, रोज पाच उदाहरणं करून घ्यावीत,' एवढंसुद्धा पुरे.

त्या गृहस्थांना मी शेवटी हेच सांगितलं, की हा शब्द या परीक्षेपुरता आहे, पोरापुरता नाही. प्रगतिपुस्तक नीट घडी करून त्यांनी खिशात ठेवलं आणि विचारलं, "मग आता त्याच्याकडून काय करून घेऊ?"

खरं म्हणजे याचं उत्तर त्या रकान्यातच असायला हवं होतं.