सातबाऱ्यावर नसलेला मजूर
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आदी बा या गड्याची हकीकत सांगतो. आफ्रिकेतल्या गिनीचा हा माणूस. गिनी तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात. १९३९ साली महायुद्ध पेटलं आणि हा आपणहून फ्रान्सच्या फौजेत शिरला. जून १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत पडला, सोबत्यांना घेऊन निसटला. व्होज भागातल्या गावकऱ्यांनी त्यांना रानात लपवलं, जेवण पोचवलं. सोबती पुढे स्वित्झर्लंडला गेले. आदी तिथंच तोलँकूर नावाच्या खेड्यात राहिला, शेतावर मजुरी करत. गोऱ्यांच्या खेड्यात काळा माणूस लपतो कसा? गाव गप्प बसलं तरच!

१९४३ मध्ये जर्मनांची सक्तीची मजुरी चुकवून पळालेली पोरं त्यानं जंगलात सांभाळली. जुलैत पकडला गेला. छळ झाला. १८ डिसेंबरला एपिनाल इथं त्याला गोळ्या घातल्या.

अशा माणसाचा शोध घ्यायचा कसा? मी शेतकी पदवीधर, मला मातीचा नमुना आठवतो. एकाच जागची माती घेऊन चालत नाही. फौजेच्या दप्तरात भरती सापडेल, कैद सापडेल. चुलीपाशी कुणी बसवलं, ते म्हाताऱ्यांनाच विचारावं लागतं. २०१२ मध्ये तिएर्नो मोनेनेंबो यांनी त्याच्यावर कादंबरी लिहिली. वाचावी जरूर, पण पुरावा म्हणून धरू नये.

प्रतिकार लढ्याचं पदक त्याला मिळालं २००३ साली. मरणानंतर साठ वर्षांनी! तोवर त्याला जेवू घालणारे किती उरले असतील, तुम्हीच सांगा.