जवळची वाट आणि लवकरची वाट

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



‘अमेरिका किती दूर आहे?’ हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतील घरांतूनही विचारला जातो. कारण कोणाचा मुलगा, कोणाची लेक तिकडे असते. या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत : अंतर किती, आणि वेळ किती? उदाहरणादाखल दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को हे दोन विमानतळ घेऊ.

भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नये. कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना अंतरे बिघडतात. पृथ्वीच्या गोलावर या दोन स्थळांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो सायबेरिया व आर्क्टिक महासागरावरून जातो. हे सर्वांत कमी अंतर, सुमारे १२,४०० कि.मी.

परंतु विमान या दोऱ्यावरून जातेच असे नाही. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० कि.मी. जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० कि.मी. झाले; प्रवास मात्र साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी संपला! उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पूर्वी ते विमानाला अडवीत, आता ढकलू लागले. गणित करून पाहा : सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ कि.मी. येतो. अशा विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० कि.मी.च्या आसपास असतो. वरची भर वाऱ्याची.

घड्याळाचा हिशेब आणखी निराळा. दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी पोचते, तेव्हा येथे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तेथील उन्हाळी वेळ आपल्यामागे साडेबारा तास असल्याने तेथे त्याच दिवसाचे सकाळचे सहाच वाजतात. म्हणून तिकिटावरील दोन वेळांची नुसती वजाबाकी करून ‘प्रवास दोन तासांचा’ असे उत्तर काढणाऱ्या विद्यार्थ्याला रागावू नये. त्याच्या हाती पृथ्वीचा गोल द्यावा.

पंचायत सदस्यांनीही यातून एक बोध घ्यावा. ‘प्राथमिक आरोग्य केंद्र पाच किलोमीटरवर आहे’ एवढे कागदावर लिहून भागत नाही. ओढ्याला पूर आला असता अडलेल्या बाळंतिणीला तेथे पोचविण्यास किती वेळ लागतो, हेही लिहिले पाहिजे. पुलावरून जाणारा आठ किलोमीटरचा रस्ता अशा वेळी जवळचा ठरतो. वैमानिक वारा पाहून वाट ठरवितो. आपण पाऊस पाहून ठरवावी.