फेकलेला प्याला आणि मेत्ता

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

वर्धापनदिनाला आम्ही दरवर्षी चळवळीच्या इतिहासावर बोलतो. आज मात्र एका अमेरिकन माहितीपटावर बोलणार आहोत. कुणी म्हणेल, विहारात बास्केटबॉलचं काय काम? थोडं ऐकून घ्या, मग ठरवा. या माहितीपटाचं नाव ‘अनटोल्ड: मॅलिस ॲट द पॅलेस’. फ्लॉइड रस यांनी केलेला हा माहितीपट २०२१ च्या ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सवर आला. आपल्या अभ्यासिकेतल्या पोरांनी तो आम्हाला दाखवला. इंग्रजी अडलं की थांबवायचे, अर्थ सांगायचे आणि पुढे जायचे. संपल्यावर एक पोरगा म्हणाला, “काका, माझ्या अंगावर कुणी असा प्याला फेकला असता, तर मी पण सोडला नसता त्याला.” त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आजचं भाषण म्हणजे त्या पोराला दिलेलं उत्तर आहे.

आधी घडलं काय ते सांगतो. तारीख १९ नोव्हेंबर २००४. डेट्रॉइट हे मोटारी बनवणाऱ्या कामगारांचं शहर. त्याच्या जवळच ऑबर्न हिल्स या गावी ‘पॅलेस’ नावाचं बंदिस्त स्टेडियम होतं. डेट्रॉइट पिस्टन्स विरुद्ध इंडियाना पेसर्स असा सामना चालू होता. पाहुणा इंडियाना संघ ९७ विरुद्ध ८२ ने पुढे होता आणि संपायला फक्त ४५.९ सेकंद उरले होते. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. तेवढ्यात इंडियानाच्या रॉन आर्टेस्टने डेट्रॉइटच्या बेन वॉलेसला फाऊल केला. वॉलेस चिडला आणि त्याने आर्टेस्टला जोरात ढकललं. खेळाडूंची ढकलाढकली सुरू झाली. आर्टेस्ट बाजूला जाऊन गुणलेखकांच्या टेबलावर चक्क आडवा पडला. मन शांत ठेवायला आपण तसं केलं, असं तो सांगतो.

इथे बघा, भांडण जवळपास मिटत आलं होतं. तेवढ्यात प्रेक्षकांतून एकाने पेयाचा प्याला फेकला आणि तो आडव्या पडलेल्या आर्टेस्टच्या अंगावर आदळला. आर्टेस्ट उठला, थेट प्रेक्षकांत घुसला आणि त्याने एका माणसाला धरलं. आणि धरला तो भलताच! प्याला फेकणारा दुसराच होता. मागोमाग त्याचा सोबती स्टीफन जॅक्सन घुसला. काही प्रेक्षक मैदानात उतरले. जर्मेन ओनीलने त्यातल्या एकावर धावत जाऊन ठोसा मारला. ऐन वेळी त्याचा पाय घसरला म्हणून तो ठोसा पुरता बसला नाही, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. सामना तिथेच थांबवला. इंडियानाचे खेळाडू बाहेर जाताना वरून पेयं, खाद्यपदार्थ पडत होते, एक खुर्चीसुद्धा आली.

मग आली शिक्षा. लीगचे प्रमुख डेव्हिड स्टर्न यांनी दोन्ही संघांच्या मिळून नऊ खेळाडूंना एकूण १४६ सामन्यांसाठी सस्पेंड केलं. आर्टेस्टचा तर अख्खा हंगाम गेला, प्लेऑफ धरून ८६ सामने. त्याचं सुमारे ५० लाख डॉलरचं वेतन बुडालं. जॅक्सनला ३० सामने, ओनीलला २५. हा निर्णय एकमताने झाला का, असं पत्रकारांनी विचारलं. स्टर्न म्हणाले, होय, एकमताने, एक विरुद्ध शून्य. हे ऐकताना आम्ही खुर्चीत सरळ होऊन बसलो. चार्जशीट देणारा तोच, चौकशी करणारा तोच, निकाल देणाराही तोच, हे गिरणी कामगाराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण तिथे खेळाडूंची युनियन होती. ती दाद मागायला गेली आणि लवादाने ओनीलची शिक्षा २५ वरून १५ वर आणली. कोट्यधीश खेळाडूलासुद्धा युनियन लागते, हे तरुणांनी लक्षात ठेवावं.

आता न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोर्टाने फक्त खेळाडूंनाच धरलं नाही. पाच खेळाडूंवर खटले झाले, तसे पाच प्रेक्षकांवरही झाले. प्याला फेकणाऱ्याला ३० दिवसांचा तुरुंगवास झाला. म्हणजे कायद्याने व्हिडिओ बघून कुणी काय केलं ते वेगवेगळं मोजलं. पण लोकांच्या मनात खटला आधीच चालून निकाल लागला होता. टीव्हीवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवला गेला, आणि त्यातून एक शब्द चिकटला, ‘ठग’. आपल्याकडे गुंड म्हणतात तोच अर्थ. शिक्षा झालेले नऊही खेळाडू काळे होते आणि प्याला फेकणारा गोरा होता. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, लीगने खेळाडूंच्या कपड्यांचे नियम केले. गळ्यातल्या साखळ्या कपड्यांवर दिसता कामा नयेत, अमुक घालायचं, तमुक नाही. हा नियम आमच्या राहणीवर रोखलेला आहे, असं काही काळ्या खेळाडूंनी उघड सांगितलं.

बंधुभगिनींनो, एकाच्या चुकीवरून सगळ्या जमातीला नाव ठेवणं आपल्याला नवं आहे का? १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तेव्हा हे नातं आम्ही आज ओढूनताणून जोडत नाही. एकदा आमच्या गिरणीच्या गेटवर हाणामारी झाली होती. दगड कुणी टाकला ते कुणी विचारलं नाही, कामगार पुढे का धावला एवढंच चौकशीत विचारलं गेलं. या माहितीपटाचं मोठं काम हेच आहे की तो पहिल्या ढकलण्यापासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळं दाखवतो आणि ज्यांना गुंड म्हटलं त्यांना स्वतः बोलू देतो. आपणही अर्धा तुकडा बघून कुणाला नाव ठेवू नये.

पण मग त्या पोराचं म्हणणं बरोबर का? नाही. आम्ही स्पष्ट सांगतो, नाही.

अक्कोसक भारद्वाज नावाचा ब्राह्मण तथागतांना शिव्या द्यायला आला, ती गोष्ट आपण इथे ऐकली आहे. तथागतांनी त्याला एवढंच विचारलं की, पाहुण्यापुढे ठेवलेलं अन्न पाहुण्याने घेतलं नाही तर ते कुणाचं? घरच्याचंच. तशा तुझ्या शिव्या मी घेत नाही, त्या तुझ्याकडेच राहिल्या. ऑबर्न हिल्सचा प्याला आर्टेस्टने घेतला. भरलेला प्याला फेकणाऱ्याकडेच राहिला असता, तर तो एकटा गुन्हेगार ठरला असता आणि जगाने त्यालाच नाव ठेवलं असतं. घेतल्यामुळे भलत्याच माणसाची मानगूट धरली गेली आणि सगळ्या संघाचं वर्ष गेलं. त्या संघातला रेजी मिलर पुढच्या वर्षी अजिंक्यपदाविनाच निवृत्त झाला. अन्याय सहन करा, असं आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी तसं कधी शिकवलं नाही. अन्यायाशी लढायचं, पण सभेने, कायद्याने, युनियनने. प्याला फेकणारा ठरवील त्या जागी आणि त्या वेळी लढायचं नाही.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा विषय विहारात आणला. आर्टेस्ट न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढलेला. मनाचा आजार त्याने लपवला नाही. २०१० साली दुसऱ्या संघाकडून अजिंक्यपद मिळालं, तेव्हा त्याने टीव्हीवर आपल्या मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंचे जाहीर आभार मानले. विजयाची अंगठी सोडतीला काढून मानसिक आरोग्याच्या कामासाठी पैसा उभा केला. आणि २०११ साली त्याने कायद्याने नाव बदललं. काय ठेवलं? मेत्ता वर्ल्ड पीस. मेत्ता! आपण वंदनेला बसतो तेव्हा जी भावना करतो, तीच आपली पालीतली मेत्ता. टाळ्या वाजवण्याआधी पुढचंही ऐका. एप्रिल २०१२ मध्ये याच मेत्ता नावाच्या माणसाने एका खेळाडूच्या डोक्यात कोपर मारलं आणि त्याला सात सामने बाहेर बसावं लागलं.

म्हणजे नाव घेतलं की काम संपलं असं नाही. आपल्या आई-बापांनी, आजा-आजींनी १९५६ नंतर धम्म स्वीकारला. दाखल्यावर बौद्ध लिहिलं. पण राग आला की आपण काय करतो? पाचवं शील घेऊन संध्याकाळी बाटली उघडतो की नाही? त्या प्रकरणानंतर २००५ मध्ये लीगलासुद्धा सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात दारू विकायची बंद करावी लागली. मेत्ता रोज करायची असते. मन आजारी असेल तर डॉक्टरकडे जायचं असतं, त्यात लाज नाही. आपल्या घरांत असे किती तरुण आहेत, ज्यांना आपण ‘तापट’ म्हणून सोडून देतो!

तेव्हा त्या पोराला आमचं सांगणं एवढंच. बाळा, तुझ्यावर प्याला फेकणारे भेटतील. तो घेऊ नकोस. कुणी फेकला ते नीट बघून ठेव, साक्षीदार जमव आणि आपल्या माणसांकडे ये. आम्ही सगळे तुझ्याबरोबर येऊ. आणि तुला कुणी गुंड म्हटलं, तर अख्खी हकिगत मांडायला हा विहार उभा राहील.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!