विवाहित विद्यार्थिनी आणि करकायदा

अमेरिकेत लग्न झालेली विद्यार्थिनी बापाची आश्रित ठरते काय? ठरू शकते. वय २४ च्या आत, वर्षातून पाच महिने पूर्णवेळ शिक्षण, बापाच्या घरी वास्तव्य (वसतिगृहातला काळही त्यातच धरतात) आणि निम्म्याहून अधिक उदरनिर्वाह स्वकमाईचा नसणे, एवढे पुरते. मात्र तिने नवऱ्यासह संयुक्त विवरणपत्र भरले, की बापाचा हक्क संपला. केवळ कापलेला कर परत मिळविण्यासाठी ते भरले असेल, तरच तो टिकतो. पोसतो कोण, याहून कागद कोणता भरला, हे मोठे!

आणि हक्क टिकून पदरात काय? २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून आश्रितामागची वजावट शून्यावर आणली. शिक्षणखर्चाची वेगळी सवलत सोडली, तर अशा मुलीपोटी आश्रितामागची करसूट उरली फार तर ५०० डॉलरची. त्याच कायद्याने कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा दर मात्र ३५ वरून २१ टक्क्यांवर उतरविला.